बाजूचे डोळे

दवाखान्यातलं झाड पाच फूट उंच
आणि सगळं एका अंगाला.
खिडकीकडे पानं, भिंतीकडे नुसत्या काड्या,
पाठ फिरवून कुणी
खडेबाजारातली गर्दी बघत बसावं तसं.

शहापुरात आमचा डोळ्यांचा दवाखाना.
मी थेंब घालते. तीन वेळा, दहा-दहा मिनिटांनी,
"मिटा, चोळू नका,"
आणि माणसं त्या फायकसशेजारी बसून राहतात
बाहुल्या मोठ्या होईपर्यंत.

गंमत अशी, की थेंब उतरले
की सगळ्यांना ते झाड भरलेलं दिसतं.
येळ्ळूरच्या द्रौपदा पाखरे म्हणाल्या होत्या,
"केवढं दाट गं! आत चिमण्या असतील."
मी हो म्हटलं.
पुसट दिसणाऱ्याला कशाला सांगा
की अठ्ठावन्न पानं आहेत.

डॉक्टर हुद्दार म्हणाले, टाकून दे,
प्लास्टिकचं आणू, पुसलं की झालं.
मला ऐकू आलं नाही.

मग काकतीचा बसलिंग आला, नंबर वाढला म्हणून.
नर्सरीवाला. तक्त्यावरची खालची ओळ त्याला लागेना,
पण झाडाचं दुखणं दारातूनच दिसलं.
"नुसतं उंच वाढूलंय की, अक्का. शेंडा चिवुट."
म्हणजे?
त्याने हवेतच दोन बोटं जुळवून नख लावलं.
खुड, मी म्हटलं.
"तेच. त्याबिगर बाजूचे डोळे उघडत न्हाईत त्याचे.
उसाला असतात बघ, तसे."
पाणी रोज नको. दोन पेरं बोट खुपसून बघ,
कोरडं लागलं तरच.
खिडकी सोडून दुसरीकडे हलवू नको,
पण दर शनिवारी कुंडी जागच्या जागी पाव तिरगिसायची.
"भिंतीकडलं पान पण पानच हाय की."

सोमवारी दुपारी, बाक रिकामा झाल्यावर,
टाके काढायची कात्री स्पिरिटने पुसली.
हात थांबला खरा.
पाच वर्षांत त्याने जे काही कमावलं
ते त्या वरच्या वीतभरातच होतं,
पोपटी, कोवळं, काचेला गाल लावून.
कापलं.
पांढरा चीक आला, थेंब थेंब.
मी कापूस दाबून धरला आणि तोंडातून गेलं,
"मिटा, चोळू नका."

पुढे तीन आठवडे पानं गळाली.
सकाळी केर काढताना मी ती मोजत नव्हते
असं काही म्हणवत नाही.
डॉक्टर बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.
शनिवारी शटर ओढायच्या आधी
फरशीवर खडूची खूण,
आणि कुंडी तिथवर किरकिरत यायची.

चौथ्या आठवड्यात,
मी रोज बघायचे त्या कापल्या जागेशी नाहीच,
पार खाली, भिंतीकडच्या एका काडीवर
तांदळाच्या कणीएवढं काहीतरी.
डॉक्टरांचं भिंग आणलं.
कणीला टोक होतं.

द्रौपदाबाई मोतीबिंदू काढून आल्या दिवाळीनंतर.
काळा चष्मा कपाळावर ढकलला,
पट्टी सुटलेल्या डोळ्याने बघत राहिल्या.
"हे दुसरं आणलंस व्हय गं?"
तेच आहे.
"छे. ते दाट होतं.
ह्याच्यातनं मधनं मधनं भिंत दिसूलीय."
एकशे बेचाळीस पानं आहेत, मी म्हटलं,
जरा जोरातच.
"असतील बाई," त्या म्हणाल्या,
आणि बोटाने हवेत एकेक पान धरून
खरंच मोजायला लागल्या.

शनिवार होता. मी कुंडीला हात घातला
तशा त्या पदर खोचून उठल्या.
तुम्ही नाही वाकायचं अजून महिनाभर.
मग भिंतीकडे जाऊन उभ्या राहिल्या, ताठ,
हात मागे बांधून, फरशीवर नजर.
"ये. ये. अजून जरा.
बस, आली खूण."